न्यायाधीश तुरुंगात गेले, पण तक्रारीचं काय झालं?



आजचा भाग नेहमीपेक्षा थोडा लांब आहे. चहा घेऊन बसा किंवा ट्रॅफिकमध्ये असाल तर उत्तमच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' मी जमतील तितके काढलेत, काही राहिले असतील.

सुरुवातीलाच सांगतो, मी वकील नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधतो. कायद्याचं जे काही कळलंय ते निकाल आणि बातम्या वाचूनच. आणि आजचा विषय मी निवडला त्याचं कारण वेगळंच आहे, ते शेवटी सांगतो.

आज आपण बोलणार आहोत न्यायमूर्ती सी. एस. कर्णन यांच्याबद्दल. आधी मद्रास हायकोर्ट, मग कलकत्ता हायकोर्ट. पदावर असताना सुप्रीम कोर्टाने तुरुंगवासाची शिक्षा दिलेले ते देशातले पहिले हायकोर्ट न्यायाधीश.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते नाव एका मीमसारखं आठवत असेल. मे २०१७. सोमवारी, ८ तारखेला, कर्णन यांनी कोलकात्यातल्या आपल्या घरी बसून एक आदेश काढला आणि देशाचे सरन्यायाधीश जगदीशसिंग खेहर यांच्यासह सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायमूर्तींना पाच वर्षं सक्तमजुरी ठोठावली. कायदा कुठला? अॅट्रॉसिटीचा. आणि दुसऱ्याच दिवशी, ९ मे रोजी, सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने कर्णन यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा दिली.

मी तेव्हा कॉलेजमध्ये होतो. आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर दोन दिवस नुसते विनोद चालू होते. मीही हसलो होतो. आता सगळं क्रमाने वाचल्यावर तितकं हसू येत नाही. तर क्रमानेच जाऊ.

कर्णन यांचा जन्म १९५५ चा, तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातला. दलित कुटुंब. कायद्याचं शिक्षण चेन्नईला झालं, १९८३ पासून वकिली केली, आणि २००९ मध्ये मद्रास हायकोर्टात न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. नेमणूक नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे कॉलेजियममार्फत. कॉलेजियम म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचा छोटा गट. तोच गट नवीन न्यायाधीशांची नावं सुचवतो. कोणाला का घेतलं, कोणाला का नाही, हे बाहेरच्या माणसाला फारसं कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली दोन-अडीच वर्षं त्यांचं नाव बातम्यांत फारसं नव्हतं. मग २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाला पत्र लिहिलं. म्हणणं असं की सहकारी न्यायाधीश आपल्याला जातीवरून अपमानित करतात. त्यात त्यांनी एक प्रसंग सांगितला होता. एका कार्यक्रमात शेजारी बसलेल्या न्यायाधीशाने पायावर पाय टाकला आणि मुद्दाम आपल्याला बूट लावला, असा त्यांचा आरोप होता.

आता इथे थांबू या. बूट लागला की लावला? हे बाहेरून कळणं जवळजवळ अशक्य आहे. ज्याने आयुष्यात असं काही सोसलेलं नाही तो म्हणेल, चुकून लागला असेल, एवढं काय मनावर घ्यायचं. ज्याने सोसलंय तो म्हणेल, मला कळतं कधी चुकून लागतो आणि कधी नाही. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. म्हणूनच अशा वेळी कोणीतरी तिसऱ्याने बसून दोन्ही बाजू ऐकायला हव्यात, तिथे हजर असलेल्यांना विचारायला हवं. न्यायालयं हेच तर काम करतात ना?

पुढे या प्रकरणात जे निकाल आणि आदेश आले ते कर्णन यांच्या वागण्यावर आले. बुटाच्या त्या तक्रारीची साक्षीपुरावे घेऊन तपासणी झाली आणि अमुक खरं, तमुक खोटं ठरलं, असा निष्कर्ष मला कुठल्याही निकालात वाचायला मिळाला नाही.

मग गाडी घसरायला लागली. ८ जानेवारी २०१४. मद्रास हायकोर्टात एका जनहित याचिकेची सुनावणी चालली होती, विषय होता नव्या न्यायाधीशांसाठी सुचवलेली नावं. दोन न्यायमूर्ती समोर बसलेले. आणि कर्णन, त्याच कोर्टाचे न्यायाधीश, त्या कोर्टरूममध्ये शिरले आणि म्हणाले की ही निवड योग्य नाही, मला माझ्या नावाने प्रतिज्ञापत्र द्यायचंय. म्हणजे न्यायाधीश दुसऱ्या न्यायाधीशांसमोर पक्षकार म्हणून उभे. वकील मंडळी थक्क झाली. सुप्रीम कोर्टाने नंतर त्या वागण्यावर कडक शब्दांत नाराजी नोंदवली, आणि ती बरोबरच होती. पण मुद्दा? निवड कशी होते हा प्रश्न? तो प्रश्न तर त्या काळात देशभर लोक विचारत होते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांची बदली कलकत्ता हायकोर्टात झाली. कर्णन यांनी काय केलं? स्वतःच्या बदलीला स्वतःच स्थगिती दिली! खुर्चीवर बसून, रीतसर आदेश काढून, आणि सरन्यायाधीशांकडे खुलासाही मागितला. सुप्रीम कोर्टाने त्यांचे आदेश लगेच निष्प्रभ केले. त्यावर कर्णन यांनी चेन्नईच्या पोलिसांना सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांवरच अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला सांगितलं. काही आठवड्यांनी सगळं थंडावलं आणि मार्चमध्ये ते कोलकात्याला रुजू झाले.

कायद्यातलं एक अगदी जुनं तत्त्व आहे. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये. बदली माझी, तक्रार माझी आणि निकालही मीच देणार, असं चालत नाही. कर्णन यांनी ते तत्त्व पायदळी तुडवलं, त्याबद्दल दुमत नाही. मला त्यांची वकिली करायची नाहीये. कोणा सामान्य माणसाच्या जमिनीचा, जामिनाचा, घटस्फोटाचा खटला अशा न्यायाधीशापुढे असता तर? तो माणूस कुठे गेला असता?

आता २०१७. जानेवारीत कर्णन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. त्यात वीस आजी-माजी न्यायाधीशांची नावं देऊन ते भ्रष्ट आहेत असा आरोप केला आणि केंद्रीय यंत्रणांकडून चौकशी मागितली. नावं होती, पण ती तपासून बघता येतील असे पुरावे काही लोकांपुढे आले नाहीत. ८ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने स्वतःहून अवमानाची कारवाई सुरू केली. सात न्यायमूर्तींचं पीठ बसलं. खेहर, दीपक मिश्रा, चेलमेश्वर, रंजन गोगोई, मदन लोकूर, पिनाकीचंद्र घोष आणि कुरियन जोसेफ. ही नावं पण लक्षात ठेवा. कर्णन यांचं न्यायालयीन आणि प्रशासकीय काम काढून घेतलं गेलं, फाइली परत मागितल्या गेल्या.

ते हजर झाले नाहीत, म्हणून १० मार्चला जामीनपात्र वॉरंट निघालं. ३१ मार्चला ते हजर राहिले. त्यांनी काम परत मागितलं, ते मिळालं नाही. एप्रिलमध्ये त्यांनी सातही न्यायमूर्तींना कोलकात्यातल्या आपल्या घरच्या 'कोर्टात' हजर राहायचा आदेश दिला. मग त्यांच्या परदेश प्रवासावर बंदीचा आदेश. १ मे रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टरांच्या मंडळाने कर्णन यांची मानसिक तपासणी करावी. त्यांनी नकार दिला, आणि उलट आदेश काढला की त्या सात न्यायमूर्तींचीच तपासणी करा. मग ८ आणि ९ मे, जे मी सुरुवातीला सांगितलं.

९ मेच्या आदेशात अजून एक गोष्ट होती, तिच्याकडे तेव्हा माझं लक्षच गेलं नव्हतं. कर्णन यांची यापुढची विधानं कुठल्याही वर्तमानपत्राने छापू नयेत, कुठल्याही चॅनेलने दाखवू नयेत, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं.

कर्णन अटकेआधीच चेन्नईला गेले आणि तिथून गायब झाले. बंगालचे पोलीस महिनाभर शोधत होते. १२ जूनला ते बासष्ट वर्षांचे झाले, म्हणजे निवृत्त झाले, फरार असतानाच. २० जूनला कोइम्बतूरजवळ सापडले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी जेलमध्ये सहा महिने काढले आणि २० डिसेंबरला सुटले.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. एक विक्षिप्त माणूस, कोर्टाने धडा शिकवला, विषय संपला. मला मात्र तीन ठिकाणी खटकतं.

पहिलं. हायकोर्टाचा न्यायाधीश चुकला तर आपल्याकडे सोय काय आहे? राज्यघटनेत एकच रस्ता आहे, संसदेने ठराव करून काढणं. लोकसभेचे शंभर किंवा राज्यसभेचे पन्नास खासदार सह्या करणार, तीन जणांची समिती चौकशी करणार, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावर ठराव आला. समितीने ठपका ठेवला होता, पण काँग्रेसच्या खासदारांनी मतदानच केलं नाही आणि ठराव पडला. २०११ मध्ये कलकत्ता हायकोर्टाचेच सौमित्र सेन. राज्यसभेत ठराव मंजूर झाला आणि लोकसभेत जायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. कर्णन प्रकरणापर्यंत एकाही न्यायाधीशाला संसदेने काढलेलं नव्हतं.

आपल्या मुंबईचाही यात एक धडा आहे. १९९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश ए. एम. भट्टाचार्जी होते. परदेशी प्रकाशकाकडून त्यांच्या पुस्तकासाठी मिळालेल्या मोठ्या रकमेवरून वाद झाला, वकिलांच्या संघटनांनी राजीनाम्याची मागणी केली आणि त्यांनी पद सोडलं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे कोर्ट म्हणालं की वकिलांनी असा दबाव आणायचा नाही, तक्रार मुख्य न्यायाधीशांकडे किंवा सरन्यायाधीशांकडे द्यायची. काढून टाकण्याइतकं मोठं नाही पण चालवून घेण्याइतकं छोटंही नाही, असं गैरवर्तन असेल तर काय करायचं, ही मधली जागा रिकामी आहे हे तिथे स्पष्ट झालं. त्यातूनच पुढे १९९९ मध्ये अंतर्गत चौकशीची पद्धत आली. म्हणजे न्यायाधीशांची चौकशी न्यायाधीश करणार, ती गुप्त असणार, आणि फार तर राजीनामा द्या असा सल्ला किंवा काम काढून घेणं.

आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीममध्ये दोनच बटणं आहेत. एक 'बदली करा', जे चटकन दाबता येतं. दुसरं 'संसदेतून काढा', जे आजवर नीट चाललेलंच नाही. कर्णन यांच्या बाबतीत पहिलं बटण दाबलं, प्रश्न चेन्नईहून कोलकात्याला गेला. म्हणजे चेन्नईच्या पक्षकारांना जो न्यायाधीश नको, तो कोलकात्याच्या पक्षकारांना चालेल? दुसरं बटण दाबायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. मग अवमानाचा कायदा वापरला गेला. तो कायदा कोर्टाचा अधिकार टिकवण्यासाठी आहे, न्यायाधीशाचं गैरवर्तन तपासण्यासाठी नाही.

हे मी शहाणपणा करून सांगत नाहीये. त्या पीठातल्याच दोन न्यायमूर्तींनी, चेलमेश्वर आणि गोगोई यांनी, स्वतंत्र निकालपत्र लिहिलं, ते जुलै २०१७ मध्ये बाहेर आलं. शिक्षेला त्यांचीही संमती होती. पण त्यांनी लिहिलं की या प्रकरणातून दोन गोष्टी दिसतात. न्यायाधीश निवडण्याच्या पद्धतीचा पुन्हा विचार व्हायला हवा, आणि काढून टाकण्याच्या अलीकडची काहीतरी कायदेशीर व्यवस्था हवी. आता मघाशी २०१४ चं काय सांगितलं आठवा. कर्णन ज्या कोर्टरूममध्ये घुसले होते तिथे नेमका विषय कोणता होता? निवडीची पद्धत.

खटकणारी दुसरी गोष्ट, जात. न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन २०१० मध्ये सरन्यायाधीश पदावरून निवृत्त झाले. त्यानंतर थेट २०१९ पर्यंत, आपल्या अमरावतीचे भूषण गवई जाईपर्यंत, सुप्रीम कोर्टात एकही दलित न्यायाधीश नव्हता. म्हणजे २०१७ च्या मे महिन्यात जातीच्या अपमानाची तक्रार करणाऱ्या न्यायाधीशाचा फैसला होत होता, तेव्हा त्या अख्ख्या कोर्टात त्या समाजातून आलेला एकही न्यायाधीश नव्हता. असता तर निकाल वेगळा लागला असता असं मी म्हणत नाही. बहुतेक तसाच लागला असता. पण बुटाची गोष्ट ऐकताना खोलीत असा एक तरी माणूस असणं आणि नसणं यात फरक आहे. आणि हायकोर्टांचं काय? कायदा मंत्रालयाने संसदेच्या समितीला दिलेली आकडेवारी आहे. २०१८ ते २०२२ या काळात हायकोर्टांत ५३७ न्यायाधीश नेमले गेले. त्यातले ७९ टक्के खुल्या प्रवर्गातले, ११ टक्के ओबीसी, २.८ टक्के अनुसूचित जातींचे आणि १.३ टक्के अनुसूचित जमातींचे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कर्णन यांचं सगळं खरं होतं का? नाही. वीस न्यायाधीशांची नावं पुराव्याशिवाय जाहीर करणं, अॅट्रॉसिटीचा कायदा स्वतःच्या बदलीसाठी ढालीसारखा वापरणं, यात त्या कायद्याचंच नुकसान झालं. ज्या खेड्यात खरोखर कोणाला विहिरीवरून हाकललं जातं, मारहाण होते, तिथला ठाणेदार आधीच तक्रार घ्यायला टाळाटाळ करत असतो. त्याच्या हातात आपण अजून एक निमित्त देतो, 'बघा, या कायद्याचं काय करतात लोक.'

तिसरी गोष्ट. कर्णन सुटले २० डिसेंबर २०१७ ला. त्यानंतर बरोबर तेवीस दिवसांनी, १२ जानेवारी २०१८ ला, दिल्लीत सुप्रीम कोर्टाच्या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली. चेलमेश्वर, गोगोई, लोकूर आणि कुरियन जोसेफ. चौघंही त्या सात जणांच्या पीठातले! ते म्हणाले की सुप्रीम कोर्टाचा कारभार बरोबर चाललेला नाही, खटले कोणाकडे द्यायचे हे नीट ठरत नाही, आम्ही सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, उपयोग झाला नाही, म्हणून लोकांसमोर आलो. ते सरन्यायाधीश म्हणजे दीपक मिश्रा. तेही त्याच पीठातले. नागपुरात २०१४ मध्ये मृत्यू झालेल्या न्यायाधीश लोया यांच्या प्रकरणाचाही तिथे उल्लेख झाला, त्यामुळे आपल्याकडे ती परिषद जास्तच गाजली.

मी या दोन गोष्टी एकसारख्या आहेत असं म्हणत नाही. चौघांनी पत्र लिहिलं, वाट पाहिली, नावं घेऊन भ्रष्टाचाराचे आरोप केले नाहीत, कोणाला शिक्षा सुनावल्या नाहीत. बोलण्याची रीत जमीन-अस्मानाची वेगळी. पण मुळाशी तक्रार एकच आहे की आतलं काही बिघडलं तर आत दाद मागायला जागा नाही. त्या चौघांनाही शेवटी माइकच शोधावा लागला.

आणि त्यातलेच गोगोई पुढे सरन्यायाधीश झाले. २०१९ च्या एप्रिलमध्ये कोर्टातल्या एका माजी महिला कर्मचाऱ्याने त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला, तेव्हा शनिवारी बसलेल्या विशेष पीठात ते स्वतः बसले. त्यांनी आरोप नाकारले. नंतर अंतर्गत समितीला आरोपात तथ्य आढळलं नाही, पण तो अहवाल जाहीर झाला नाही. स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश नको, हे तत्त्व फक्त कर्णन यांच्यापुरतं आहे का, असा प्रश्न मग पडतोच.

अगदी अलीकडचंही बघा. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाचे न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या बंगल्यात आग लागली आणि तिथे जळालेल्या नोटा सापडल्याची बातमी आली. त्यांनी आरोप नाकारले. काय झालं? अंतर्गत चौकशी, आणि बदली, अलाहाबादला. संसदेची चौकशी समिती नेमली गेली ती ऑगस्टमध्ये. तीच दोन बटणं.

कर्णन यांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं, नाहीतर मी त्यांना उगाच नायक बनवतोय असं वाटेल. २०१८ मध्ये त्यांनी भ्रष्टाचारविरोधी पक्ष काढला. महिलांनाच उमेदवारी देणार अशी घोषणा केली. २०१९ ची लोकसभा चेन्नई सेंट्रलमधून लढले, हरले. आणि २०२० मध्ये त्यांचे काही व्हिडिओ पसरले. त्यात न्यायाधीशांच्या पत्नी, महिला वकील, कोर्टातल्या महिला कर्मचारी यांच्याबद्दल अत्यंत घाणेरडी भाषा वापरल्याचा, धमक्या दिल्याचा आरोप झाला. महिला वकिलांनी तक्रार केली, पोलीस ढिम्म म्हणून मद्रास हायकोर्टाला त्यांना झापावं लागलं, आणि २ डिसेंबर २०२० ला त्यांना अटक झाली.

हे वाचताना मी खरंच उदास झालो. ज्याने आयुष्यभर सांगितलं की माझ्या अंगाला मुद्दाम बूट लावला, त्याच्याबद्दल बायका हेच सांगत होत्या की हा आमची अब्रू काढतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस आपोआप न्यायी होत नाही. आणि तो न्यायी निघाला नाही म्हणून त्याच्यावर अन्याय झालाच नव्हता, असंही ठरत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र डोक्यात ठेवणं मला अवघड गेलं. अजूनही जातं.

आता मी हा विषय का घेतला ते सांगतो.

इंजिनिअरिंगला असताना माझ्याच ग्रुपमध्ये एक मुलगा होता. नाव सांगत नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना विचारतात तसं त्यालाही विचारलं गेलं, सीईटीला किती, आणि कॅटेगरी कुठली. नंतर दोन वर्षं ते बारीकसारीक चालूच राहिलं. एकदा प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत आमच्या एका सरांनी त्याचं उत्तर चुकल्यावर म्हटलं, "तुम्हाला काय, सगळं आयतं मिळतं." आम्ही चौघं तिथे उभे होतो. त्याने लेखी तक्रार दिली. दोन महिने काहीच हाललं नाही. तो दर आठवड्याला ऑफिसात जाऊन विचारायचा, ते म्हणायचे, बघतो.

मग एका रात्री दोन वाजता त्याने अख्ख्या डिपार्टमेंटला मेल पाठवला. शिव्या होत्या त्यात. सरांना, त्यांच्या घरच्यांना. वाचवत नव्हता. दुसऱ्या दिवशी समिती बसली. मला बोलावलं. प्रश्न दोनच. मेल त्यानेच पाठवला का? त्याच्याच लॅपटॉपवरून का? मी म्हटलं, हो सर. त्याला एका सेमिस्टरसाठी हॉस्टेलमधून काढलं.

तोंडी परीक्षेत काय झालं ते मला कोणी विचारलं नाही. आणि मी आपणहून सांगितलं नाही. मी समोर उभा होतो, ऐकलं होतं, दोन वाक्यं बोलायची होती. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की अरे, मेल तर त्याने पाठवलाच होता ना, मी खोटं कुठे बोललो.

कर्णन प्रकरण क्रमाने वाचताना मला सतत ती खोली आठवत होती. मेलबद्दल शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. त्या सरांच्या घरच्यांनी काय केलं होतं? पण मेलचा निकाल लागला आणि आधीची तक्रार त्याच फाइलमध्ये बंद झाली. लोकांना मेल आठवतो. तक्रार कोणालाच आठवत नाही.

हा भाग करायच्या आधी मी त्याला फोन केला. विचारलं, हे सांगू का? तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सांग की. पण तुला एवढ्या वर्षांनी आठवलं होय?" मी म्हटलं, आठवत होतं रे, बोललो नव्हतो. तो म्हणाला, "माहितीये." मग माझ्या आईची तब्येत विचारली आणि ठेवला फोन.

म्हणून मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. न्यायाधीशांसाठी काय करायला हवं हे दोन न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच लिहून ठेवलंय. निवड उघड हवी, आणि बदली व संसद यांच्या मध्ये एक पायरी हवी, जिथे न्यायाधीशाविरुद्धची तक्रार आणि न्यायाधीशाची तक्रार, दोन्ही वेळेत ऐकल्या जातील. ते होईल तेव्हा होईल, माझ्या हातात नाही. पण तुमच्या ऑफिसात, कॉलेजात, सोसायटीत कधी अशी समिती बसली, आणि कोणीतरी वेड्यासारखं वागलंय म्हणून तुम्हाला साक्षीला बोलावलं, तर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जरूर द्या. आणि मग, उठायच्या आधी, न विचारलेलं पण तुम्ही पाहिलेलं तेही सांगून या.

आजच्यापुरतं एवढंच. माझं काही चुकलं असेल, विशेषतः कायद्याच्या बाबतीत, तर हक्काने सांगा, पुढच्या भागात दुरुस्ती करू. काळजी घ्या. भेटू या.